पन्नास माणसांचं लग्न आणि टॉवेल

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतले यंत्रमाग पुन्हा खडखडू लागले, म्हणजे सगळं पूर्वीसारखं झालं असं नव्हतं. २५ मार्च २०२० ला कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली आणि माग थांबले; ते चालायला मात्र नुसती परवानगी पुरत नाही. इथला टॉवेल खपतो तो निर्यातीत, हॉटेलांत आणि आपल्या लग्नांत. टॉवेल-टोपीचा आहेर अख्ख्या भावकीला करायचा असतो. २०२० मध्ये लग्नाला पन्नासच माणसांची परवानगी होती; मग आहेर करायचा कुणाला? दोन पाळ्यांची एक झाली. विणकराची मजुरी विणलेल्या मालावर, त्यामुळे काम निम्मं तर किराणाही निम्मा. शहराच्या पूर्व भागात पुरुष मागावर आणि बाई घरी विड्या वळणारी अशी घरं पुष्कळ. तिथे दोन्ही मिळकती एकदमच आटल्या. (घरून काम करण्याचं कौतुक या बायकांना सांगू नये. त्या पिढ्यान्‌पिढ्या तेच करताहेत.)

तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त निघतील या भरवशावर आधीच सूत भरून ठेवावं का, हे त्या वर्षी कारखानदाराला ठरवता येत नव्हतं. गावी गेलेल्या कामगाराला परत बोलवावं का, हेही नव्हतं. या अंकातले लेख अशा कारखानदारांशी आणि कामगारांशी बोलून लिहिले आहेत. सगळं कधी सुरळीत होईल, याची तारीख मात्र कुणीच दिली नाही.