तुटीची व्याख्या तूट करणाऱ्यानेच करायची?

२८ जून २०२४ रोजी राज्याचा अतिरिक्त अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्र्यांनी वर्षाची महसुली तूट २०,०५१ कोटी रुपये राहील असे विधानसभेला सांगितले. ९ जुलैला त्याच सभागृहापुढे ९४,८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या ठेवण्यात आल्या. मधले दिवस अकरा. एवढ्यात राज्यावर ना महापूर कोसळला होता, ना भूकंप झाला होता. ज्या योजना २८ जूनला टाळ्यांच्या कडकडाटात जाहीर झाल्या, त्यांचाच बराचसा खर्च पुरवणीच्या दाराने आत आणला गेला. वर्षाला ४६,००० कोटींची म्हणून जिचा गाजावाजा झाला, ती लाडकी बहीण योजना त्यात अग्रभागी होती. मग २८ जूनला सभागृहाने ऐकले ते काय? अर्थसंकल्प, की निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ?

हा प्रश्न एका अर्थमंत्र्याला विचारून भागणार नाही. परिस्थिती बदलली, तरतूद अपुरी पडली, एखादी नवी सेवा अचानक उभी करावी लागली, तर सरकारने पुन्हा सभागृहाकडे यावे, म्हणून संविधानाच्या अनुच्छेद २०५ने पुरवणी मागण्यांची सोय ठेवली. ही अपवादाची सोय आता महाराष्ट्रात नित्याची वहिवाट झाली आहे. डिसेंबर २०२४मध्ये ३५,७८८ कोटी, २०२५च्या पावसाळी अधिवेशनात ५७,५०९ कोटी. विरोधी बाकांवर असताना जे पुरवणी मागण्यांवर तुटून पडतात, तेच सत्तेच्या बाकांवर आले की त्यांचे भारे बांधून आणतात. आणि कुठेही नियमभंग झालेला नसतो! लबाडी कायदा मोडून होत असती तर न्यायालयाचा दरवाजा होता. इथे सगळे चौकटीत चालते, कारण चौकट ठोकणारा आणि तिच्यात उभा राहणारा एकच असतो.

म्हणून आमची मागणी कुणाच्या राजीनाम्याची नाही, चौकशीचीही नाही. खर्च कशाला म्हणायचे, कर्ज कशाला, भांडवली काय आणि महसुली काय, तूट कशी मोजायची आणि मुळात ‘सरकार’ कुठे संपते, या संकल्पना मुळापासून तपासणारा स्वतंत्र तज्ज्ञ आयोग नेमा, ही आमची मागणी आहे.

सरकार कुठे संपते, हा प्रश्न पुस्तकी वाटेल. ज्यांना कृष्णा खोऱ्याचे रोखे आठवतात त्यांना तो तसा वाटणार नाही. बच्छावत लवादाने वाट्याला दिलेले पाणी मे २००० पूर्वी अडवायचे म्हणून १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याने बाजारात रोखे काढले. लोकांनी ते घेतले ते महामंडळाचे तोंड पाहून नव्हे. पाणीपट्टीच्या वसुलीवर जगणाऱ्या संस्थेला कोण कर्ज देतो? मागे राज्य सरकारची हमी होती, म्हणून दिले. व्याज आणि मुद्दल यांचे ओझे शेवटी राज्याच्या तिजोरीवरच आले. परंतु पैसा उचलला त्या वर्षांच्या राजकोषीय तुटीत तो कुठेच नव्हता. दाभोळच्या वीज प्रकल्पात राज्याने हमी दिली आणि तिच्यावर केंद्राने प्रतिहमी चढवली, तेव्हाही अर्थसंकल्पाच्या कागदावर तुटीचा आकडा ढिम्म हलला नव्हता. ७०१ किलोमीटरचा, सुमारे ५५,००० कोटींचा समृद्धी महामार्गही रस्ते विकास महामंडळाच्या छत्राखाली कर्जावर उभा राहिला. रस्ता उत्तम झाला, त्याबद्दल वाद नाही. टोलच्या उत्पन्नात कर्ज फिटले तर आनंदच आहे. न फिटले तर ते कोण फेडणार, हे मात्र शाळकरी पोरही सांगेल. आजच्या व्याख्येत त्या उत्तराला जागा नाही.

याहून निलाजरा प्रकार रोजच्या व्यवहारात चालतो. आपले सरकारी हिशेब रोखीवर चालतात. पैसा कोषागारातून बाहेर पडला की खर्च. पडला नाही, तर खर्च झालाच नाही. पूल बांधून झाला, त्यावरून एसटी धावू लागली, ठेकेदाराचे बिल मंत्रालयात अडकून पडले. रोखीच्या हिशेबात त्या पुलावर बिलाएवढा खर्च झालेलाच नाही! २०२५ साली ठेकेदारांच्या संघटना थकीत बिलांसाठी रस्त्यावर आल्या, तेव्हा चर्चा झाली ती ठेकेदारांच्या हालाची. ती व्हायलाच हवी होती. पण थकवलेले प्रत्येक बिल त्या वर्षीची तूट तेवढ्याने कमी करून दाखवते, हे फारसे कुणी बोलले नाही. बिल दाबून ठेवणे हाच वित्तीय शिस्तीचा सोपा मार्ग ठरावा, अशी ही व्याख्या आहे.

आणि उलटा खेळ मार्चअखेरीला. वर्षभर ज्या निधीला कुणी हात लावला नाही, तो परत जाऊ नये म्हणून ३१ मार्चच्या रात्री कोषागाराच्या खिडक्या उघड्या राहतात, बीडीएस या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर रकमा येतात आणि एखाद्या पीएलए, म्हणजे कार्यालयाच्या वैयक्तिक ठेव खात्यात जाऊन बसतात. काम सुरू नाही, जमीन ताब्यात नाही, निविदाही नाही. हिशेबात मात्र पैसा ‘खर्ची पडला’. उपयोगिता प्रमाणपत्रे वर्षानुवर्षे येत नाहीत. महालेखापरीक्षक आपल्या अहवालांतून यावर ताशेरे ओढतात, अहवाल अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, आमदार गावी जायच्या घाईत असतात. म्हणजे झालेला खर्च हिशेबात नाही आणि न झालेला खर्च हिशेबात आहे. तरीही बेरीज जुळते, कारण ती जुळेल अशीच व्याख्या आहे.

दिल्लीकडे बोट दाखवून सुटू पाहणाऱ्यांनी दिल्लीही पाहावी. अनेक वर्षे भारतीय अन्न महामंडळाला अनुदानाची पूर्ण रक्कम न देता अल्पबचत निधीतून कर्ज दिले जात होते. पोस्टात पैसे ठेवणाऱ्यांच्या बचतीवर रेशनचे अनुदान चालले आणि तूट गोंडस राहिली. २०२१च्या अर्थसंकल्पात हा प्रकार बंद झाला. त्याबरोबर २०२०-२१च्या अन्न अनुदानाचा अंदाज १.१५ लाख कोटींवरून सुधारित ४.२२ लाख कोटींवर गेला. त्यात करोनाकाळातील मोफत धान्य होते, परंतु मोठा भाग जुन्या उधारीचा होता. ती उघड केल्याबद्दल अर्थमंत्र्यांना श्रेय द्यावे. त्याआधीच्या सरकारने तेल कंपन्यांना रोख अनुदानाऐवजी सुमारे १.३ लाख कोटींचे तेलरोखे दिले आणि तेही तुटीबाहेर ठेवले. पक्ष बदलले, युक्ती टिकली. जानेवारी २०१८मध्ये ओएनजीसीने एचपीसीएलमधील सरकारचा हिस्सा ३६,९१५ कोटींना विकत घेतला, आणि सरकारच्या एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेली ही रक्कम निर्गुंतवणूक म्हणून मिरवली गेली. एअर इंडिया विकताना तिची जुनी देणी भागवण्यासाठी दिलेले सुमारे ५२,००० कोटी रुपये २०२१-२२च्या भांडवली खर्चात धरले गेले. बुडीत विमान कंपनीची उधारी फेडली की देशाची मालमत्ता वाढते, हे नवे अर्थशास्त्र कोणत्या विद्यापीठात शिकवतात? राज्यांना पन्नास वर्षांच्या मुदतीने बिनव्याजी दिले जाणारे कर्जही केंद्र आपला भांडवली खर्च म्हणून मोजते आणि त्याच पैशाने रस्ता बांधणारे राज्य आपला म्हणून. एकाच रुपयाची दोन ठिकाणी आरती!

अनुच्छेद ११२ आणि २०२ महसुली खर्च इतर खर्चापासून वेगळा दाखवायला सांगतात. संविधान एवढेच सांगते. २०१२ साली केंद्राने ‘परिणामकारक महसुली तूट’ नावाची नवी तूट वित्तीय उत्तरदायित्वाच्या कायद्यात आणली, तीत मालमत्तानिर्मितीसाठीची अनुदाने वजा करायची. २०१८च्या दुरुस्तीत महसुली तुटीचे लक्ष्यच काढून टाकले. परीक्षेत नापास व्हायची वेळ आली की विषय रद्द करायचा, ही सवलत या देशात फक्त सरकारला आहे. कोपऱ्यावरच्या वाण्याच्या तराजूवरही वैधमापनचा माणूस येऊन शिक्का मारून जातो. लाखो कोटी तोलणाऱ्या सरकारने मात्र आपली वजने आपणच ओतायची, आपणच तपासायची.

आता इतिहासाकडे, कारण महाराष्ट्राला हा प्रश्न नवा नाही. १८९५ साली ब्रिटिश सरकारने भारताच्या खर्चाच्या चौकशीसाठी लॉर्ड वेल्बी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. दादाभाई त्याचे सदस्य होते. दिनशा वाच्छा आणि गोपाळ कृष्ण गोखले यांनी १८९७ साली त्यापुढे साक्ष दिली. गोखल्यांच्या आकड्यांमागे गणेश व्यंकटेश जोशी या शाळामास्तरांचा अभ्यास उभा होता. इंग्लंडने आपला कोणता खर्च भारताच्या माथी मारावा, हा त्यातला कळीचा वाद होता. १८६७ साली लंडनच्या इंडिया ऑफिसात तुर्कस्तानच्या सुलतानासाठी झालेल्या नाचाचे बिलही भारताच्या तिजोरीवर पडले होते, यावरून कल्पना यावी! मग २६ मार्च १९०२ला कलकत्त्यात कर्झनच्या तोंडावर गोखले उभे राहिले. सरकार शिलकीची फुशारकी मारत होते. ही शिल्लक सुबत्तेची खूण नाही, दुष्काळ आणि प्लेग सोसणाऱ्या रयतेवर गरजेपेक्षा जास्त कर बसवल्याचे ते फळ आहे, असे गोखल्यांनी मांडले. सरकारचा आकडा खोटा नव्हता. त्या आकड्याला सरकार जे नाव देत होते, ते गोखल्यांनी नाकारले. एकशे वीसहून अधिक वर्षे उलटली. आज विधानभवनात सरकारच्या आकड्याला दिलेले नाव नाकारणारे किती आमदार आहेत?

असा आयोग ही स्वप्नरंजनाची गोष्टही नाही. १९६७ साली अमेरिकेत सरकारच्या जमाखर्चाची तीन वेगवेगळी चित्रे एकाच वेळी फिरत होती: प्रशासकीय, एकत्रित रोख आणि राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबातले. प्रत्येकातली तूट वेगळी, आणि ज्याला जी सोयीची ती तो उचलत असे. अध्यक्ष जॉन्सन यांनी मार्चमध्ये शिकागोचे बँकर डेव्हिड केनेडी यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. ऑक्टोबरमध्ये अहवाल हाती आला आणि जानेवारी १९६८चा अर्थसंकल्प एकात्मिक स्वरूपात मांडला गेला. वर्षाच्या आत! पुढे तिथल्या राजकारण्यांनीही पळवाटा काढल्या, काही संस्था कायद्याने अर्थसंकल्पाबाहेर ठेवल्या. पण बाहेर ठेवले म्हणजे कशाच्या बाहेर, हे दाखवणारी रेघ आखलेली होती. आपल्याकडे ती रेघच नाही.

‘आणखी एक आयोग?’ हा कुत्सित प्रश्न येणारच. अहवाल धूळ खातात हे खरे. बाराव्या वित्त आयोगाने उपार्जित हिशेबपद्धतीची शिफारस २००४ साली केली. सरकार अजून रोखीवरच. स्वतंत्र वित्तीय परिषद नेमा, असे एन. के. सिंह समितीने २०१७ साली सांगितले, पुढे पंधराव्या वित्त आयोगानेही सांगितले. परिषद अद्याप आलेली नाही. तरीही वि. म. दांडेकर समितीने १९८४ साली ३,१८६ कोटींचा अनुशेष मोजून दाखवला, तेव्हापासून विदर्भ-मराठवाड्याचा प्रश्न भाषणांतून उठून आकड्यांत आला आणि कोणत्याही सरकारला तो परत भाषणांत ढकलता आला नाही. मोजण्याची रीत एकदा ठरली की तिच्यापासून पळणाऱ्याचे पाऊल दिसते. सत्ताधाऱ्यांना आयोग नको असतो तो नेमका यासाठी.

मात्र आयोग दाखवायचा नको. तो कायद्याने स्थापन व्हावा, त्याला एक वर्षाची मुदत असावी आणि त्याचा अहवाल महिनाभरात सभागृहापुढे यावा. मंत्रिमंडळाच्या कपाटात नको. ज्या महामंडळाचे कर्ज सरकारच्या हमीवर किंवा सरकारच्या हप्त्यांवर फिटते, ते कर्ज सरकारचेच, हे तत्त्व त्याने तपासावे. केंद्राने २०२२ साली राज्यांच्या कर्जमर्यादेपुरते ते लागू केले आणि केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रकरण आता घटनापीठाकडे आहे. राज्यांना लावलेली पट्टी केंद्राच्या कंपन्यांनाही लावा, हे केरळचे दुखणे चुकीचे नाही. थकीत बिलांचे विवरणपत्र अर्थसंकल्पाला जोडणे बंधनकारक व्हावे. मार्च २०२३मध्ये राज्य कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठीचा संप झाला, पुढे सुधारित योजना आली. तिचा वीस-तीस वर्षांचा भार किती, हे निर्णयाच्या दिवशीच छापले गेले पाहिजे होते. आणि अर्थसंकल्पानंतरच्या पहिल्या अधिवेशनातली पुरवणी मागणी एका ठरावीक टक्क्यापलीकडे गेली, तर अर्थसंकल्प नव्याने मांडावा लागेल, इतकी कडक अट हवी.

महाराष्ट्राने यासाठी दिल्लीच्या तोंडाकडे पाहायचे कारण नाही. हिशेबाचा नमुना अनुच्छेद १५० नुसार राष्ट्रपती महालेखापरीक्षकांच्या सल्ल्याने ठरवतात, तो राज्याला बदलता येत नाही हे खरे. पण अर्थसंकल्पासोबत आणखी काय छापायचे, हमी आणि थकबाकी किती तपशिलात उघड करायची, यावर कोणी हात बांधलेले नाहीत. येत्या अधिवेशनात विधेयक आणा. आयोगावर अर्थशास्त्रज्ञ घ्या, लेखापरीक्षक घ्या, संविधानाचा एक जाणकार घ्या, जिल्हा परिषदेचे हिशेब हाताळलेला एक माणूस घ्या. ज्यांनी अर्थ विभागाच्या खुर्चीवर बसून हीच पुस्तके वर्षानुवर्षे जुळवली, त्या निवृत्त सचिवांना मात्र सदस्य करू नका. साक्षीदार म्हणून बोलवा आणि शपथेवर विचारा, मार्चअखेरीला तुम्ही सह्या केल्या तेव्हा कोणती बिले मागे ठेवलीत आणि कुणाच्या सांगण्यावरून?