स्वावलंबी शेतघर: पूर्वपक्ष आणि उत्तर

कोथरूड-कर्वेनगरातील सुशिक्षित कुटुंबांत हल्ली एका विषयाची चर्चा वारंवार झडते: नोकरी व सदनिका यांचा त्याग करून मुळशी, राजगड (पूर्वीचा वेल्हे) अथवा भोर तालुक्यात दोन एकर जमीन घ्यावी, विहीर पाडावी, एक गाय बाळगावी आणि आपले अन्न आपणच पिकवून उर्वरित आयुष्य कोणाच्याही ताबेदारीवाचून कंठावे, हे आपल्या प्रकृतीस मानवेल की नाही. यावर दोन पक्ष आपापली उत्तरे घेऊन सदैव सिद्ध असतात. एक म्हणतो, मातीची ओढ असेल त्याला हे जीवन मानवलेच पाहिजे, कारण ते मुळातच स्वयंपूर्ण आहे. दुसऱ्याच्या मते पेठेत वाढलेल्या माणसाच्या हाडांत हे बळच नाही, तेव्हा दोन पावसाळ्यांत त्याची हौस फिटेल. मला हे दोन्ही पक्ष अग्राह्य वाटतात. पैकी पहिला अधिक मोहक असल्यामुळे अधिक घातक आहे.

स्वयंपूर्णतेची ही कल्पना ज्या खेड्यावरून घेतली असे सांगतात, त्या खेड्याचे साक्षेपी वर्णन त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 साली ‘गावगाडा’ या ग्रंथात करून ठेवले आहे. ते वाचणाऱ्यास दिसते की ज्या कुणब्याला आपण स्वावलंबनाचा पुतळा समजतो, त्याचे औत सुताराविना, फाळ लोहाराविना व मोट चांभाराविना चालत नव्हती, आणि सुगीत खळ्यावरून या सर्वांचे बलुते पोचते केल्यावाचून त्याच्या घरी धान्याची रास येत नव्हती. ती व्यवस्था जातींच्या विषमतेवर उभी होती, आणि ती परत यावी असे कोणीही शहाणा म्हणणार नाही; परंतु एकट्या कुटुंबाने सर्व गरजा भागवल्याचा दाखला तिच्यातही सापडत नाही, एवढे येथे पुरे आहे.

बलुती गेली, तरी परस्परावलंबन गेलेले नाही. मुळशीकडील भातशेतीच पाहा. उन्हाळ्यात राब भाजावा, मृगाच्या सुमारास त्यात रोपे धरावीत, आणि आषाढात पाऊस मातला म्हणजे चिखलणी उरकून लावणी साधावी, असा तेथील क्रम असून लावणीची वेळ सर्वांच्या खाचरांत एकदमच येते. त्या आठ-पंधरा दिवसांत दुप्पट रोज देऊ केला तरी माणूस मिळेलच असे नाही, कारण जो तो आपल्या चिखलात उभा असतो. तेथे सावड उपयोगी पडते: आज आमच्या घरची माणसे तुमच्या खाचरात, उद्या तुमची आमच्या. ज्या नवागताजवळ परतफेडीस देण्यासारखे हात नाहीत, त्याचे रोप राबातच वाढून जाते. ऋणाचा असा जाच शहरात नाही. विजेचे बिल भरले की वीज कंपनीशी आपला संबंध संपतो. तारेवर चढलेल्याच्या मुलीच्या लग्नात वाढायला उभे राहण्याचे आपणांस कारण पडत नाही. तेव्हा कोणाचे मिंधे न होता जगण्याची ज्याला खरी आवड आहे, त्याने सदनिका मुळीच सोडू नये, असाच निष्कर्ष निघतो.

दुसऱ्या पक्षाच्या उपहासाचे निराकरण त्याच कर्वेनगराच्या भूमीवर होते. 1900 साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला अनाथ बालिकाश्रम शहरातून हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेला आणि ते स्वतः फर्ग्युसन कॉलेजातील गणिताचे अध्यापन सांभाळून पायी तेथे जात राहिले. पगार शहराचा व झोपडी माळावरची, म्हणून कोणी त्यास ढोंग म्हणू धजेल काय? अमेरिकेतील थोरो 1845 पासून दोन वर्षे वॉल्डन तळ्याकाठी राहिला, तोही इमर्सनच्या जमिनीवर. आपल्या काळात टेल्कोतील अभियंत्याची नोकरी सोडलेले दिलीप कुलकर्णी पत्नी पौर्णिमाताई यांच्यासह दापोली तालुक्यातील कुडावळे येथे जाऊन राहिले, आणि त्यांच्या लेखनात प्रथम येते ते गरजा घटविण्याचे गणित. उत्पादनाचा हिशेब त्यामागून येतो. आमचे हौशी गृहस्थ नेमकी ही पायरी ओलांडून थेट खरेदीखतापाशी पोचतात.

खरेदीखताची वाटही सरळ नाही. 1948 च्या कुळकायद्याच्या 63 व्या कलमान्वये जो शेतकरी नाही त्यास जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून शेतजमीन विकत घेता येत नाही; त्यामुळे पुष्कळांचा वनवास तहसील कचेरीच्या बाकावरच समाप्त होतो. मला या अडसराचे फारसे दुःख नाही. अमेरिकन सरकारने 1862 च्या कायद्याने 160 एकर जमीन जवळजवळ फुकट देऊ केली, तेव्हाही मालकीपूर्वी पाच वर्षे तेथे राहून ती कसण्याची अट घातली होती, आणि पुष्कळांनी मुदत भरण्याआधीच गाशा गुंडाळला. आधी वास्तव्य, मग मालकी, हा क्रम आपणही स्वेच्छेने पत्करावा. गावात एखादी खोली भाड्याने घ्यावी; आषाढातला हिरवा डोंगर सर्वांनाच आवडतो, म्हणून वैशाखात राहावे, जेव्हा धो धो पावसाच्या त्याच मुलखात विहिरी तळ गाठतात.

आणि घरातल्या बाईस विचारावे. गाय पुतण्याच्या मुंजीसाठी दोन दिवसांची रजा देत नाही. पहाटेची धार, शेणघाण, चुलीपुढची उठाठेव ही कामे बहुधा त्या व्यक्तीच्या वाट्यास येतात जिने स्वप्न पाहिलेलेच नसते. तिच्या निःसंदिग्ध होकाराविना घेतलेला निर्णय म्हणजे परस्पर केलेली वेठबिगारी होय.

हे सर्व करून, लावणीच्या दिवसांत दुसऱ्याच्या खाचरात कंबर मोडून आलेला गृहस्थ चिखलाची तक्रार वा कौतुक न करता, अमक्याच्या कापणीला दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघांनी जाण्याचे ठरले आहे, असे सहजपणे सांगू लागला, तर त्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज खुशाल करावा.