बीपी नॉर्मल, म्हणून गोळी बंद?

कंट्रोल सिस्टीम्सचा पेपर आपण सगळेच (कसाबसा) सोडवतो. आउटपुट सेट पॉइंटला आलं, आता कंट्रोलर काढून ठेवा, असं व्हायवात कुणी म्हटलं तर सर बाहेर काढतील. पण घराघरांत नेमकं हेच चाललंय! माझ्या काकांचं बीपी १६०/१०० होतं, गोळ्यांनी १३०/८० वर आलं. काका खूश. "आता नॉर्मल आहे, गोळीची सवय कशाला?" असं म्हणून परस्पर गोळी बंद. अहो, पण नॉर्मल आलंय ते गोळीमुळेच ना!

डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणजे बीपी नाही, हाही तसलाच गैरसमज. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. आत मात्र हृदय, किडनी, मेंदूच्या रक्तवाहिन्या झिजत असतात, आणि कधी कधी कळतं ते थेट अर्धांगवायू झाल्यावर. म्हणून मोजायला हवं, आणि तेही नीट. पाच मिनिटं शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, गप्पा बंद. जिना चढून आल्या आल्या घेतलेलं रीडिंग काय कामाचं? (आपल्या जर्नलमधली रीडिंग्ज कुठून येतात, तो विषय वेगळा.)

मिठाचं म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी सांगते, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. मेसचं लोणचं, पापड, वर रात्रीचं फरसाण... बेरीज तुम्हीच करा.

गोळी कमी करायची की बदलायची, ते डॉक्टर ठरवतील. काकांना मी तेच सांगतोय. अजून ऐकत नाहीत.