बंद दारामागची शेगडी

वादळ म्हटलं की उडालेले पत्रे आणि आडवी झालेली झाडं डोळ्यांपुढे येतात. पण माणसं कधी कधी वादळ ओसरल्यावर, आपल्याच घरात, अंथरुणात दगावतात. अमेरिकेतल्या सिएटल शहराच्या परिसरात २००६ साली हेच घडलं.

१४ डिसेंबरच्या रात्री तिथं भयंकर वारं सुटलं. उंच झाडं विजेच्या तारांवर कोसळली आणि दहा लाखांहून जास्त ग्राहक अंधारात गेले. काहींकडे तर आठवडा उलटला तरी वीज नव्हती. आपली कितीतरी मराठी मुलं-मुली नोकरीनिमित्त ज्या रेडमंडमध्ये संसार करतात, ते याच भागातलं. तिथं वीज गेली की बहुतेक घरांतली ऊबही जाते.

मग लोकांनी काय केलं? दारं-खिडक्या गच्च लावल्या आणि अंगणातली कोळशाची शेगडी घरात आणली. कुणी गॅरेजमध्ये जनरेटर सुरू केला. कोळसा किंवा इंधन अर्धवट जळलं की कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं. माणूस म्हणतो, जरा पडतो. तो पडतो तो उठतच नाही. त्या दिवसांत या वायूने शेकडो लोक आजारी पडले, आठजणांचा जीव गेला.

त्यांत परदेशातून येऊन तिथं स्थायिक झालेली कुटुंबं बरीच होती. एकमेकांना धरून राहणारी, एका ऊबेभोवती जमणारी माणसं. एकोपा होता, माया होती. पण धोक्याची सूचना इंग्रजीत होती. शेवटी तिथल्या ‘सिएटल टाइम्स’ या दैनिकाने पहिल्या पानावर अनेक भाषांत इशारा छापला.

आता आपल्याकडे बघू. बाळंतिणीच्या खोलीत वारा लागू नये म्हणून सगळं बंद करून शेक-शेगडी, धुरी करायची आपली जुनी रीत. त्यात आजीची मायाच असते, पण तान्ह्या बाळाच्या छातीला ते सोसत नाही. झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावतो, तिथंही हाच वायू कोंडतो. आंघोळीला गेलेली मुलगी बेशुद्ध सापडल्याच्या बातम्या आपण वाचतोच ना?

यात पैसा लागत नाही. शेगडी पेटवायची तर उघड्यावर. घरात निखारे ठेवून झोपायचं नाही. गीझर न्हाणीघराबाहेर बसवून घ्यायचा. डोकं जड होऊन मळमळायला लागलं तर आधी मोकळ्या हवेत यायचं, मग थेट दवाखाना गाठायचा.

आणि एवढं आपल्या घरापुरतं ठेवून भागणार नाही. गावाबाहेर ऊसतोड मजुरांच्या कोप्या असतात, वीटभट्टीवर परप्रांतातली बिऱ्हाडं असतात. थंडी त्यांनाच जास्त बोचते आणि आपल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. बचत गटाच्या, महिला मंडळाच्या बायकांनी हिवाळ्यात एक फेरी तिकडे मारावी. जुनी पांघरुणं द्यायला आपण जातोच. त्यांच्या भाषेत बोलणारी एखादी बाई सोबत घ्या आणि शेगडीचं हे चार वाक्यांत सांगून या.