चंद्रप्रकाशातला पुरावा

कल्पना म्हणजे प्रतिभा आणि मोजमाप म्हणजे कारकुनी, असा आम्हां कला शाखेच्या विद्यार्थ्यांचा एक लाडका समज आहे. ओझोनच्या प्रकरणाने माझ्यापुरता तरी तो मोडला.

१९८५ साली फार्मन, गार्डिनर व शँकलिन या ब्रिटिश संशोधकांनी अंटार्क्टिकावरील हॅली बे येथील नोंदींवरून दाखविले की, तेथील वसंतात ओझोन झपाट्याने घटत आहे. कारण कोणते? कोणी म्हणे वारे, कोणी म्हणे सूर्य, तर कोणी शीतकपाटांतल्या व फवाऱ्याच्या डब्यांतल्या वायूंतील क्लोरीन. क्लोरीन ओझोनला मारक ठरेल, हे मोलिना व रोलंड यांनी १९७४ मध्येच सांगितले होते. पण ध्रुवावर असे भगदाड त्यांच्याही हिशेबात नव्हते. तर्क कितीही सुंदर असला तरी आरोप तो आरोपच!

१९८६ मध्ये सुसान सॉलोमन सहकाऱ्यांसह मॅक्मर्डो तळावर गेल्या. क्लोरीन डायऑक्साइड उन्हात फुटतो, म्हणून तो रात्री शोधायचा. मग प्रकाश कोठला? चंद्राचा! आरशाने चांदणे उपकरणात घ्यायचे आणि त्यातला कोणता रंग वाटेत किती गिळला गेला, ते पाहायचे. चंद्रावर याच अंकात चार तरी कविता असतील. पण चंद्राला साक्षीला उभे करणारी ही माणसे मला अधिक मोठी कवी वाटतात. तो वायू अपेक्षेहून कितीतरी पट अधिक निघाला.

पुढल्या वर्षी चिलीतील पुंता अरेनासहून एकट्या वैमानिकाचे ईआर-२ विमान जेम्स अँडरसन यांचे उपकरण घेऊन सुमारे १८ किलोमीटर उंचीवर गेले. १६ सप्टेंबर १९८७ च्या उड्डाणाच्या आलेखात जेथे क्लोरीन मोनॉक्साइडची रेषा चढते, नेमकी तेथेच ओझोनची कोसळते.

योगायोग असा की, त्याच दिवशी माँट्रियल करारावर सह्या झाल्या. म्हणजे हा आलेख पाहण्याआधीच! मग मोजण्याची गरज काय होती, असे एक मित्र विचारतो. मला हे पटत नाही. तो करार त्या वायूंचे उत्पादन निम्म्यावर आणण्यापुरताच होता. ते अजिबात बंद करण्याचे १९९० मध्ये लंडनला ठरले, आणि त्यामागे या मोजमापांचे बळ होते.

आणि सह्या झाल्यावर तरी क्लोरीन कमी झाला की नाही, हे कोण सांगणार? २००४ साली सोडलेल्या ऑरा उपग्रहाच्या उपकरणाला सूर्यप्रकाशाची गरजच नव्हती. ध्रुवावरच्या काळोखातही ते मोजत राहिले. त्याच्या नोंदींवरून २०१८ मध्ये नासाच्या दोन संशोधकांनी दाखविले की, तेथला क्लोरीन वर्षाला सुमारे ०.८ टक्क्याने घटत आहे.