नाताळचे ताट आणि आमचा आग्रह



आगमन काळाचा पहिला रविवार झाला की आमच्या रामनगरात घराघरांत दोन पक्ष पडतात. एका बाजूला सुना आणि कॉलेजात जाणाऱ्या मुली. त्या म्हणतात, "यंदा मैदा नको, नाचणीचा केक करू, साखर कमी घालू." दुसऱ्या बाजूला आजी, मावश्या आणि, खरे सांगायचे तर, जन्मात कधी कणीक न मळलेले आम्ही पुरुष. आमचे म्हणणे एकच, "सणाला कसले पथ्य? परंपरा मोडू नका." इतकी वर्षे आम्ही याच पक्षात होतो. आज त्याच पक्षाविरुद्ध लिहीत आहोत.

गेल्या नाताळात मुलांना घेऊन आम्ही गीते गात घरोघरी फिरलो. एका घरी आजी ताटातले काही घेईनात. आम्हीच त्यांच्या हातावर दोदोलचा तुकडा ठेवला आणि म्हणालो, "नाताळ आहे आजी, एकाने काही होत नाही." त्यांनी आमचा मान राखला. असा मान त्यांनी त्या दिवशी आणखी किती जणांचा राखला असेल, कोण जाणे. दोन दिवसांनी त्यांना दवाखान्यात न्यावे लागले. साखर फार वाढली होती. त्या इन्शुलिन घेतात हे आम्हाला ठाऊक नव्हते, कारण आम्ही विचारलेच नव्हते.

"एकाने काही होत नाही" हे वाक्य आता आपण सोडले पाहिजे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. सर्वांत जास्त प्रमाण गोव्यात आढळले, प्रौढांमध्ये २६.४ टक्के. अनमोड घाट उतरला की गोवा. आपले सोयरे तिथले, आपली नाताळची ताटेही तिथल्यासारखीच. म्हणजे चार मोठी माणसे जेवायला बसली तर त्यांतल्या एकाला हा आजार असू शकतो, हे धरूनच ताट वाढायला हवे.

संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय काढून पाहा. ज्याच्यासाठी ख्रिस्त मेला त्या भावाचा आपल्या अन्नापायी नाश करू नका, असेच तो बजावतो. तिथे वाद वेगळ्या अन्नाचा होता, पण नियम आपल्यालाही लागू आहे. आपला आग्रह प्रेमाचा वाटतो, पण समोरच्याला "नको" म्हणण्याची मोकळीक नसेल तर ते प्रेम नव्हे.

आता परंपरेचे बोलू. गोव्यात नाताळच्या फराळाला कॉन्सुआद म्हणतात. शब्द पोर्तुगीज आहे आणि मुळात तो उपासाच्या दिवशी संध्याकाळी घ्यायच्या हलक्या खाण्याला वापरत. १९६६ पर्यंत नाताळचा आदला दिवस कॅथलिकांना उपासाचा होता. आधी रिकामे पोट, मग मिस्सा, मग नेवरी. आपण उपास सोडला, आगमन काळातला संयम सोडला, डिसेंबर लागताच डबे उघडले, आणि उरलेल्या साखरेला परंपरा म्हणू लागलो. परंपरा मोडली ती नाचणीने नव्हे.

मग परंपरा कशात आहे? नहेम्याच्या पुस्तकात, आठव्या अध्यायात, नियमशास्त्र ऐकून रडणाऱ्या लोकांना सांगितले जाते की आज गोडधोड खा, आणि ज्यांच्या घरी काही शिजले नाही त्यांना वाटे पाठवा. आपले रुमालाने झाकलेले ताट म्हणजे हेच वाटे. रामनगरात सुपा धरणासाठी गाव सोडून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची घरे, चुली काळी नदीच्या पाण्याखाली गेल्या. सण चुलीत असता तर तोही तिथेच बुडाला असता. तो शेजाऱ्याकडे जाणाऱ्या ताटात होता, म्हणून वाचला.

पण सुनांच्या पक्षालाही एक शब्द. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून केक औषध होत नाही. गुळातही बहुतेक साखरच असते. मध आणि खजूरही मधुमेह्याला मोकळे नाहीत. "हेल्दी आहे" म्हणत दोनाऐवजी चार तुकडे खाल्ले तर फसवणूक स्वतःचीच. जागतिक आरोग्य संघटना रोजची वरची साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत, म्हणजे सुमारे सहा चमच्यांत ठेवा म्हणते. आणि त्यात मध, गूळ सगळे धरून.

तेव्हा यंदा एवढे करू या. केकमध्ये निम्मी नाचणी घालू, ती आपल्या जोयड्याच्या डोंगरात पिकते. साखर तिसऱ्या हिश्शाने कमी करू, केक तरीही फुगतो. काही नेवऱ्या तळण्याऐवजी ओव्हनमध्ये भाजू. दोदोल करूच, पण तुकडे लहान कापू. डबा चोवीस तारखेच्या मिस्सेनंतर उघडू. प्रत्येक ताटात भाजलेले शेंगदाणे किंवा उकडलेले हरभरे ठेवू, म्हणजे कुणाला रिकाम्या हाताने बसावे लागणार नाही. आणि कुणी "नको" म्हटले की एकदाच ऐकू.

त्या आजींच्या घरी यंदा आम्ही पुन्हा जाणार आहोत. आधी विचारू, मग वाढू.

हे प्रभू येशू, बेथलेहेम म्हणजे भाकरीचे घर, आणि तू तिथेच जन्मलास. आमच्या ताटाने कुणाला आजार न देता आनंद द्यावा, आणि ते आमच्या दारापर्यंतच न थांबता पुढे जावे, अशी कृपा कर. आमेन.