गगनयानाचा खर्च आणि आपला हप्ता

चावडीवर हल्ली सवाल येतो, "साहेब, माणूस अंतराळात पाठवायला पैसा आहे, आमच्या पिकाचं काय?" आकडे बघा. डिसेंबर २०१८ मध्ये गगनयानाला नऊ हजार कोटींच्या आसपास मंजूर झाले. २०२२ ची मुदत हुकली. सप्टेंबर २०२४ मध्ये अंतराळ स्थानकाचा पहिला भाग धरून खर्च २०,१९३ कोटींवर गेला, तोही २०२८ पर्यंतचा. पीएम-किसानच्या एका हप्त्यालाच जवळपास तेवढे लागतात. म्हणजे सगळं गुंडाळलं तरी खातेदाराच्या हाती दोन हजारच!

खरी गोष्ट निराळी. हवामानाचा इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडला, त्याचा खर्च पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने उचलला. पावसाचा अंदाज त्यावर चालतो. पुढचा कधी, हे खासदारांना विचारा.